आकाशातला मुतखडा

अंतराळवीर खोटं बोलतात. सगळेच बोलतात. दर रविवारी चर्चला जाणारे बोलतात, आणि ज्यांचे फोटो शाळेच्या भिंतीवर लावलेले असतात ते तर सगळ्यांत सफाईने बोलतात. माझं अर्धं आयुष्य त्यांची नर्स म्हणून गेलंय, तेव्हा याबाबतीत मला कुणी शिकवायला येऊ नये. रक्तदाब मोजायला पट्टा बांधला रे बांधला की यांचं सुरू, "एकदम ठणठणीत, व्हर्ना. झोप छान, भूक छान." आणि खाली बघावं तर घोटा सुजून टम्म.

त्यांचीही बाजू आहे म्हणा. उडणाऱ्या माणसाला डॉक्टरच्या खोलीतून बाहेर पडायच्या दोनच वाटा. आत आला तसा उडायला मोकळा, नाहीतर कायमचा जमिनीवर. म्हणून जुने लोक नव्यांना पहिल्याच आठवड्यात कानमंत्र देतात, की डॉक्टर दिसला की हसायचं आणि विचारलं तर 'काही नाही' म्हणायचं. दुखणं अंगावर काढायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मी व्हर्ना पोलासेक. शुलेनबर्ग गावाजवळच्या एका चेक शेतकऱ्याची मुलगी. नर्सिंग शिकायला ह्यूस्टनला आले ती इथलीच झाले. आधी बाळंतपणाच्या वॉर्डात होते, मग अंतराळकेंद्रात लागले. नवऱ्याने दोन-चारदा गावाला परत जायचा विषय काढून पाहिला, पण आता तोही इथल्या दमट उन्हाला सरावलाय. माझं काम दोन प्रकारचं. उड्डाणाआधी या लोकांना जमेल तेवढी नर्सिंग शिकवायची, कारण वर स्थानकात नर्स नसते, डॉक्टरही बहुतेक वेळा नसतो. आणि ते वर गेले की दर गुरुवारी डॉक्टरांच्या शेजारी बसून पडद्यावरून त्यांच्याशी खासगीत बोलायचं. ते बोलणं बाकी कुणी ऐकत नाही.

इथे येईपर्यंत माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं, की नर्सची सगळ्यांत मोठी मदतनीस म्हणजे पायाखालची जमीन. सलाईन तिच्या ओढीने थेंब थेंब उतरतं. सुईतला बुडबुडा वर जातो तो तिच्यामुळे. लघवी पिशवीत जाते, जखमेतला पू वाहून जातो, रडलं तर डोळ्यांतलं पाणी गालावरून खाली येतं. वर यातलं काही म्हणता काही होत नाही. सलाईन जागचं हलत नाही, बुडबुडा वाटेल तिथे बसतो, आणि आसू डोळ्यालाच गोळा होऊन चिकटून राहतात. रोग्याला पट्ट्यांनी बांधावं लागतं, आणि नर्सलासुद्धा.

हे सगळं शिकवताना आधी रबरी हात देतात आणि मग खरा. पहिला खरा हात शिकवणाऱ्याने आपला द्यायचा, असा आमच्याकडे रिवाजच आहे. त्या वर्षी माझ्यापुढे दोघं होते. ओडेलिया बाकाने पहिल्या झटक्यात माझी शीर धरली, मला मुंगी चावल्याइतकंही कळलं नाही. दुसरा रॉयस टिलमन. नौदलाचा वैमानिक, जॉर्जियाचा, हात फावड्याएवढे. हा गडी हलत्या जहाजावर विमान उतरवतो, पण माझ्या कोपराशी सुई आणताना त्याच्या ओठांचा रंग उडायचा.

"मिस व्हर्ना, तुम्हाला दुखतंय का?"

"तू बोलतोयस म्हणून दुखतंय. टोच."

महिनाभर त्याने माझे दोन्ही हात निळेजांभळे करून टाकले. चर्चमध्ये महिला मंडळातल्या दोघींनी मला कोपऱ्यात घेऊन हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना गं?" आणि त्यानंतर माझ्या गरीब नवऱ्याकडे असं काही बघायला लागल्या, की त्याने दोन रविवार घरीच प्रार्थना केली. पण रॉयस शिकला. निघायच्या आधी तर डोळे झाकून सुई लावील असा तयार झाला होता.

ओडेलिया न्यू मेक्सिकोतल्या मोरा खोऱ्यातली. भूगर्भशास्त्रज्ञ, म्हणजे हयात दगडांमागे हिंडण्यात गेलेली. वडील एउसेबियो, सफरचंदांच्या बागेचे धनी. या बाईची अंतराळवीर म्हणून निवड झाली तेव्हा केस काळेभोर होते, आणि वर जायची पाळी आली तेव्हा निम्मे पांढरे. एकदा तर जागा पक्की झाली होती. तेव्हा तिने डॉक्टरला खरं सांगितलं, की कानात दडे बसतात. कान महिन्याभरात बरा झाला, पण जागा दुसऱ्याला गेली ती गेली. त्या वेळचे डॉक्टर वेगळे होते, पण तिने कानाला खडा लावला तो लावलाच. या खेपेला तिला नुसतं स्थानकात राहायचं नव्हतं. रॉयसबरोबर सूट घालून बाहेर, मोकळ्या अंतराळात जायचं होतं. त्यासाठीच तिने सगळी वर्षं काढली होती. एउसेबियोंनी तर गावातल्या चर्चच्या सभागृहात मोठा पडदा लावायचं ठरवून अख्ख्या खोऱ्याला आवतण दिलं होतं.

बाहेर जायच्या दिवसाला महिनाभर अवकाश होता तेव्हाची गोष्ट. गुरुवार होता. माझ्या शेजारी डॉक्टर लिंडक्विस्ट, मिनेसोटाचे. एक वाक्य बोलले की दुसऱ्यासाठी दम खाणारा माणूस. पडद्यावर ओडेलिया आली, हसली.

"काही त्रास?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही, डॉक्टर. मस्त चाललंय."

"झोप?"

"लहान मुलासारखी."

आणि बोलता बोलता तिने गुडघे पोटाशी घेतले, सोडले, पुन्हा घेतले. वर सगळेच तरंगतात, थोडी हालचाल असतेच. पण तरंगणं वेगळं आणि तळमळणं वेगळं. एक हात सारखा पाठीमागे जात होता. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं. दोघांच्याही लक्षात आलं होतं, आणि ती डॉक्टरांना सांगणार नाही हेही दोघांना ठाऊक होतं.

डॉक्टर उठले. "मी जरा कॉफी घेऊन येतो. वेळ लागेल." दार ओढून गेले.

"ओडेलिया, आता आपण दोघीच आहोत," मी म्हटलं.

"बरं झालं. काय म्हणतंय ह्यूस्टन?"

"ह्यूस्टन गेलं चुलीत. कुठे दुखतंय?"

"काही नाही गं. पाठ अवघडलीय."

"बाई, बाळंतपणाच्या वॉर्डात मी केस पांढरे केलेत. कळ काढणारी बाई मला आंधळेपणीसुद्धा ओळखता येईल. उजवीकडे ना? बरगडीखालून जांघेत उतरतंय?"

तिने पाठीमागचा हात झटकन पुढे घेतला.

"परवापासून," ती शेवटी म्हणाली. "येतं आणि जातं."

"ओकारी?"

"दोनदा."

"पाणी किती पितेस?"

यावर तिने नजर दुसरीकडे वळवली, आणि माझ्या लक्षात आलं. वर गेल्यावर हाडांतलं कॅल्शियम सुटून लघवीत उतरतं आणि त्याचे खडे होतात, तेव्हा भरपूर पाणी प्यायचं हे मी या लोकांच्या कानीकपाळी ओरडून सांगितलेलं असतं.

"व्हर्ना, सूटमध्ये दिवसभर राहावं लागतं," ती म्हणाली. "आत तो लंगोट असतो, माहितीये ना तुला. परत आल्यावर रॉयस माझा सूट उतरवणार. त्याच्यासमोर ओला लंगोट घेऊन... मला नाही जमायचं. म्हणून सवय करत होते. रोज थोडं थोडं कमी."

म्हणजे बघा. जगातली कोणतीही शहाणी बाई असं करणार नाही. पण हे लोक कशाचाही सराव करतात. श्वास रोखायचा सराव, अंधारात गाठी मारायचा सराव, आणि ही बया तहान मारायचा सराव करत बसली होती, तेही मन लावून.

"अगं वेडे, तो नौदलातला माणूस आहे! जहाजावर त्याने काय काय पाहिलं असेल. आणि त्याचा लंगोट काय कोरडा राहणार आहे?"

"डॉक्टरला सांगू नकोस."

"त्या माणसाला कॉफी आवडत नाही, ओडेलिया. तो बाहेर कशाला गेला असेल असं तुला वाटतं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा कठीण झाला. "मागे मी कानाचं खरं सांगितलं होतं. काय झालं माहितीये ना?"

"माहितीये."

"मग?"

मी एवढंच म्हणाले, "मुतखडा अडकला आणि आत पिकलं, तर तुला खाली आणावं लागेल. परतीचं यान एकच आहे. म्हणजे वरच्या तुम्हा चौघांनाही यावं लागेल. त्यापेक्षा तू मला शिव्या दे."

"चहाडखोर आहेस तू," ती म्हणाली आणि पडदा बंद केला. माझी मैत्रीण होती ती. मला फार लागलं.

दुपारपर्यंत लपवण्यासारखं काही उरलंच नाही. कळ वाढली, गोळी पोटात ठरेना, पाणी ठरेना. डॉक्टरांनी रॉयसला सांगितलं, सलाईन लाव आणि त्यातूनच दुखण्याचं औषध दे. त्याने तिला पट्ट्यांनी टेबलाला बांधलं, स्वतःला बांधलं आणि सुई घेतली. पहिली खेप चुकली. दुसरीही चुकली. मी डॉक्टरांच्या शेजारून पडद्यावर बघत होते आणि मला उमगेना, की इतका तयार झालेला मुलगा गांगरतोय कशाने. ओडेलियाच्या तोंडाला घाम आला होता, आणि वर घाम ओघळतही नाही, नुसता चिकटून बसतो. ज्या बाईला बाहेर अंतराळात जायचं होतं ती एक पाय दुसऱ्यावर घासत विव्हळत होती.

"डॉक्टर," रॉयस म्हणाला, "मिस व्हर्ना आहेत का तिथे? त्यांना द्या ना जरा."

डॉक्टरांनी कानाला लावायचं यंत्र काढून माझ्यापुढे सरकवलं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात, इथे तर शेळ्या आभाळात आणि मी खाली खुर्चीत.

"रॉयस, घाबरू नकोस, लेकरा. आधी तिचा दंड बांध. बांधलास? आता तिचा हात खाली सोड. चांगला लोंबू दे खाली, म्हणजे शीर भरून येईल."

पडद्यावर रॉयसने तिचा हात सोडला, तो होता तिथेच तरंगत राहिला.

"मिस व्हर्ना," रॉयस अदबीने म्हणाला, "खाली म्हणजे कुठे?"

मी कपाळावर हात मारून घेतला. वर खाली-वर काही नसतं हे याच मुलाला मी घसा फोडून शिकवलं होतं, आणि वेळेला हजारो रोग्यांना सांगितलेलं तेच वाक्य माझ्या तोंडून निघालं. डॉक्टर लिंडक्विस्ट भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. आणि वरून ओडेलियाचा दमलेला आवाज आला, "व्हर्ना, खाली तर तू बसलीयेस ना गं." म्हणाली आणि कळ येत असताना हसली. ती हसली म्हणून रॉयस हसला, आणि त्याच्या आवाजातला ताण एकदम उतरला.

"हसा, हसा," मी म्हटलं. "आता ऐक. गरम पाण्याची पिशवी आहे ना चहाची? ती तिच्या हातावर धर. मूठ आवळायला सांग. आणि बघू नकोस, रॉयस. डोळे तिकडे कर. बोटाने शोध. कोलाचेचं पीठ, माझ्या त्या गोड पावांचं, फुगलं की कसं लागतं? दाबलं तर परत वर येतं. तशी लागेल."

"मिस व्हर्ना, मी तुमचे कोलाचे फक्त खाल्लेत. मळलेत कुठे?"

"खाली ये मग मळायला लावते. सापडली?"

"...सापडली. हो. हीच."

"मग बोटावर विश्वास ठेव आणि जा आत."

रक्ताचा एक लाल मणी सुईच्या टोकाशी फुगला आणि तिथेच थरथरत राहिला. लागली होती. सलाईनच्या पिशवीतली हवा त्याने आधीच काढून ठेवली होती, आता वरून पट्टा आवळून पाणी आत ढकलायला लागला. थोड्या वेळाने औषध गेलं. ओडेलियाचे गुडघे हळूहळू सुटले आणि डोळे मिटले. मी यंत्र डॉक्टरांना परत दिलं.

सोनोग्राफीच्या यंत्रात खडा दिसला. बारका होता, खाली उतरत होता. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस वाट पाहू, पडला तर देवाची कृपा, नाहीतर सगळे खाली. ते दोन दिवस केंद्रात कुणी मोठ्याने बोललं नाही. रॉयस तिला घोट घोट पाणी पाजत होता आणि तिची लघवी गाळून बघत होता. कसली लाज आणि कसला लंगोट. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुमाराला तो पडद्यावर आला. हातात छोटी पारदर्शक पिशवी, तोंडभर हसू. मोहरीपेक्षा लहान, काटेरी, पिवळट.

मागून ओडेलिया तरंगत आली. अशक्त होती, पण डोळ्यांत जान आली होती. "आण इकडे, मला बघू दे," म्हणाली, आणि पिशवी दिव्याला धरून पाहिली. "स्फटिक सुरेख आहेत. जन्मभर डोंगर पालथे घातले, आणि नमुना निघाला तो माझ्याच आतून."

सगळे हसले. माझ्याशी मात्र ती नीट बोलेना. विचारलं तेवढं उत्तर, की संपलं. पाणी पित होती, मोजून पित होती, पण माझ्याखातर नाही. मी मनाशी म्हटलं, नर्सने प्रेम मिळवायला नोकरी धरलेली नसते. तरी घरी आल्यावर भांडी जरा जोरातच आपटली.

तिला बाहेर जाऊ द्यायचं की नाही यावर बरेच दिवस घोळ चालला. आत आणखी खडे दिसत नव्हते, रक्त चांगलं होतं. शेवटी डॉक्टरांनी हो म्हटलं. दिवस तोच राहिला. मोरातल्या सभागृहात खुर्च्या मांडल्या गेल्या.

आदल्या दिवशी शेवटची तपासणी होती. ही बहुतेक नावापुरती असते. डॉक्टरांनी वजन, ताप, रक्तदाब विचारला आणि मग नेहमीचा प्रश्न. "काही दुखतंय?"

ओडेलियाने रक्तदाबाचा पट्टा सोडून हातात धरला. मी पडद्याकडे पाहिलं. तपासण्या सगळ्या स्वच्छ होत्या. ती 'नाही' म्हणाली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. तोंडातून एक शब्द काढायचा, हसायचं, आणि उद्या सकाळी दार उघडून बाहेर. इतकी वर्षं ज्यासाठी घासली ते समोर ठेवलेलं होतं.

"आहे," ती म्हणाली. "उजवीकडे, पाठीत. सकाळपासून. मागच्यासारखं नाही, पण आहे."

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली.

"बाहेर कळ आली तर रॉयसला मला ओढत आणावं लागेल," ती म्हणाली. तिचा आवाज सरळ होता, पण डोळ्यांत पाणी गोळा होऊन थरथरत होतं. तिने बाहीने टिपलं. "म्हणून सांगितलं. आता माझं बाहेर जाणं गेलं ना, डॉक्टर?"

"अजून ठाऊक नाही," डॉक्टर म्हणाले.

मी गाडीतळावर जाऊन गाडीत बसले, गार वारा पूर्ण सोडला आणि रडले. तिचा अभिमान वाटत होता आणि तिच्यासाठी जीव तुटत होता, दोन्ही एकदम. मग चेहरा पुसून बैठकीला गेले.

बैठकीत मोहिमेचे प्रमुख होते, इंजिनियर होते. प्रमुख काही वाईट माणूस नव्हता. त्याने साधं सरळ सांगितलं, की वरच्या चौथ्या अंतराळवीराचाही सराव झालाय, उद्या ओडेलियाऐवजी तो जाईल. लोकांनी माना डोलावल्या. काम व्हायला हवं, कुणी का करेना.

तेव्हा लिंडक्विस्ट बोलायला लागले. मी त्यांना इतकं बोलताना त्याआधी ऐकलं नव्हतं.

"खरं सांगितलं म्हणून आज आपण तिची जागा काढून घेतली," ते म्हणाले, "तर वरच्या चौघांपैकी कुणीही मला पुन्हा खरं सांगणार नाही. त्यांच्यानंतर जाणारेही सांगणार नाहीत. मग मी दर गुरुवारी बसून नुसते हसरे चेहरे बघायचे. त्यासाठी तुम्हाला डॉक्टर कशाला हवा? फोटोग्राफर ठेवा." मग त्यांनी दम घेतला. "ती बरी होईपर्यंत थांबा. एवढंच मागतोय."

प्रमुखाने गाल खाजवला, इंजिनियरकडे वळला. "बाहेर ज्या उपकरणाचं काम करायचंय, ते आठवडाभर तसंच राहिलं तर बिघडेल?"

"आठवडाभर? नाही बिघडणार."

"मग थांबू या," प्रमुख म्हणाला. "बाहेरचं अंतराळ काय पळून जातंय?"

हे तिला सांगायचं काम डॉक्टरांनी मला दिलं. मी सांगितलं. ती पडद्यावर नुसती बघत राहिली, जणू मी चिनी भाषेत बोलले होते.

"म्हणजे मीच जाणार?"

"तूच जाणार. पाठ बरी झाली की."

"खरं सांगूनसुद्धा?"

"खरं सांगितलंस म्हणूनच."

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग हातांआडूनच म्हणाली, "चहाडखोर बाई." आणि मी म्हटलं, "बोल, अजून बोल," कारण त्या शिवीइतकं गोड मला कितीतरी दिवसांत कुणी बोललं नव्हतं.

पुढे तपासलं तर खडाबिडा काही नव्हताच. व्यायामाच्या यंत्रावर जोर जास्त लावून पाठ लचकून घेतली होती बाईने. शेक दिला, विश्रांती दिली, सहाव्या दिवशी ठणठणीत. मोरात एउसेबियोंनी खुर्च्या आवरल्या नव्हत्याच. लोकांना सांगितलं, पोरगी यायची तेव्हा येईल, तोवर रोज संध्याकाळी इथे बसून पत्ते खेळू.

ती बाहेर गेली त्या दिवशी मी केंद्रात मागच्या रांगेत बसले होते. दार उघडलं, आधी रॉयस निघाला, मग ती. बराच वेळ नुसता तिचा श्वास ऐकू येत होता, शांत आणि सावकाश. काम ठरल्याप्रमाणे झालं. परत आल्यावर रॉयसने तिचा सूट उतरवला, आणि त्यात कुणालाही सांगण्यासारखं विशेष काही घडलं नाही.

त्याच्या पुढच्या गुरुवारी रॉयसची पाळी होती. डॉक्टरांनी विचारलं, "काही त्रास?" मी नेहमीप्रमाणे 'काही नाही' लिहायला घेतलं होतं.

रॉयसने मागे वळून पाहिलं. त्याच्या मागे ओडेलिया तरंगत होती. खासगी बोलण्यात दुसऱ्याने थांबायचं नसतं, पण तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि तो तिला जा म्हणत नव्हता.

"सांग," ती म्हणाली.

"डॉक्टर," रॉयस म्हणाला, आणि एवढा मोठा माणूस शाळकरी पोरासारखा खाली बघायला लागला. "मला जवळचं धड दिसत नाही. अक्षरं पुसट दिसतात. त्या दिवशी ओडेलियाची शीर मला दिसतच नव्हती. मिस व्हर्नांनी बोटाने शोधायला सांगितलं म्हणून निभावलं."

वर डोळ्यांचं असं होतं, नवं नाही. त्यासाठी चष्मेही ठेवलेले असतात. पण वैमानिकाने स्वतःच्या तोंडाने डोळ्यांची तक्रार सांगितलेली मी आजवर ऐकली नव्हती. डोळे गेले तर त्याचं सगळंच गेलं, हे तो जाणून होता.

"कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"पहिल्या महिन्यापासून, डॉक्टर." त्याने डोळे चोळले. "मी पुन्हा उडेन का?"

"ते आज नाही सांगता येणार," डॉक्टर म्हणाले. "पण आता तू एकटा नाहीस. आपण मिळून बघू."

रॉयसने इतका मोठा श्वास सोडला की त्या झोताने तो जरासा मागे सरकला. मग म्हणाला, "खरं सांगू? डाव्या गुडघ्याचंही थोडं आहे."

"बोल," मी म्हटलं, आणि नवं पान उघडलं.